साताऱ्यातला एएलपी सीबीएटी क्लास: चार स्टार, रविवारच्या सेशनला मात्र पाच

नमस्कार, रिव्ह्यू जरा मोठा आहे पण ज्यांना असिस्टंट लोको पायलट (एएलपी, रेल्वे इंजिनाचा सहायक ड्रायव्हर) व्हायचंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मी रहिमतपूरची, साताऱ्यातून आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय. पोवई नाक्याजवळचा हा क्लास मी सीबीएटीसाठी लावला होता, कारण रेल्वेची तयारी म्हटलं की आमच्याकडची पोरं थेट पुण्याला रूम घेतात आणि मला ते परवडणारं नव्हतं. क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली तक्रारीपण लिहिल्यात, साताऱ्यात जो कोणी एएलपीची तयारी करतोय त्याला विचारलं की कळेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एएलपीला लेखी परीक्षेचे दोन टप्पे झाले की सीबीएटी असते, कॉम्प्युटरवरची ॲप्टिट्यूड टेस्ट. त्यात पाच टेस्ट: मेमरी, फॉलोइंग डायरेक्शन्स, डेप्थ परसेप्शन, कॉन्सन्ट्रेशन आणि परसेप्चुअल स्पीड. पाचही टेस्टमध्ये वेगवेगळा किमान ४२ टी-स्कोअर (बाकीच्यांच्या तुलनेत काढलेला गुण) लागतो, एकात जरी कमी पडला तरी बाहेर, आणि इथं कुठल्याच कॅटेगरीला सूट नाही. पेपर फक्त हिंदी आणि इंग्लिशमध्ये. फायनल मेरिटमध्ये याचं वजन ३० टक्के. म्हणजे लेखीत कितीही मार्क असू देत, इथं अडकलं की अडकलं.

आता क्लासबद्दल. पहिली गोष्ट जी मला मनापासून आवडली ती म्हणजे यांनी फी घ्यायच्या आधी डोळे तपासून यायला सांगितलं. हो, आधी. बाकीचे क्लास ॲडव्हान्स घेतात, पोरगं दोन-दोन वर्षं घासतं, लेखी काढतं, सीबीएटी काढतं आणि शेवटी रेल्वे हॉस्पिटलच्या मेडिकलमध्ये कळतं की याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. एएलपीला ए-वन मेडिकल लागतं, सगळ्यात कडक. चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांना ६/६, वरून प्लसचा नंबर लावून तपासतात, चष्मा घालवायचं लेसिक ऑपरेशन केलेलं चालत नाही, रंग, रात्रीचं दिसणं, दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणं सगळं बघतात. रंगासाठी इशिहाराच्या ठिपक्याठिपक्यांच्या प्लेट असतात (जपानच्या शिनोबु इशिहारांनी १९१७ साली काढलेल्या, अजून त्याच चालतात) आणि अंधारात लांबून रंगीत दिवा दाखवायचा लँटर्नपण असतो.

आमच्या बॅचला खटावकडचा एक मुलगा होता, अतिशय हुशार, गणितात आम्हा सगळ्यांच्या पुढं. त्याला इशिहारा वाचता आला नाही. घरात कुणाला कधी शंकाच आली नव्हती, कारण रस्त्यावरचा सिग्नल माणूस वरचा दिवा की खालचा दिवा यावरून ओळखतो आणि बाकी आयुष्यात फार अडत नाही. हा दोष पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि जन्मापासून असल्यामुळं त्या माणसाला आपलं वेगळं आहे हे कळायला कारणच नसतं. पण रात्री इंजिनातून लांबून खांब दिसत नाही, वर-खाली दिसत नाही, अंधारात फक्त एक ठिपका दिसतो, आणि त्या ठिपक्याचा रंग हीच सगळी माहिती. क्लासच्या मॅडमनी त्याला बाजूला बसवून सांगितलं की क्लार्कच्या पोस्टला मेडिकल सी-टू म्हणजे बरंच सौम्य लागतं, तिकडं ही अट नाही, तू तिकडं जा, आणि त्याची फी घेतली नाही. मला वाटतं सगळ्या महाराष्ट्रातल्या एएलपी क्लासनी एवढं एक केलं तरी किती पोरांची वर्षं वाचतील. ही तपासणी काय उगाच आलेली नाही. स्वीडनमध्ये १८७५ साली लागेरलुंडाला दोन गाड्या धडकल्या, त्यानंतर होल्मग्रेन नावाच्या डॉक्टरनं रंग न ओळखणं हे कारण असू शकतं म्हणून रंगीत लोकरीचे धागे वेगळे करायला लावून रेल्वेवाल्यांची तपासणी सुरू केली, तिथून हे सगळं जगभर पसरलं.

दुसरी गोष्ट, खरं म्हणजे या रिव्ह्यूचं कारणच ते, रविवारचं सेशन. मिरज लॉबीतून (लॉबी म्हणजे ड्रायव्हर लोक ड्युटीला हजर होतात ते ऑफिस) रिटायर झालेले एक लोको इन्स्पेक्टर, म्हणजे ड्रायव्हरांवर देखरेख करणारे, सर रविवारी येतात. सीबीएटीच्या मार्काशी त्याचा थेट संबंध नाही म्हणून निम्मी बॅच येत नाही, घरी झोपते. चूक करतात. सोमवार ते शनिवार आपण ट्रिक शिकतो, ठोकळे मोजायची ट्रिक, आकार लक्षात ठेवायची ट्रिक, आणि रविवारी हा माणूस सांगतो की या पाच टेस्ट रेल्वेनं का ठेवल्यात.

एका रविवारी सरांनी प्रोजेक्टरवर केबिनमधून काढलेले रात्रीचे फोटो दाखवायला सुरुवात केली. पिवळा, पुढचा हिरवा. परत पिवळा, पुढचा हिरवा. प्रत्येक फोटो सेकंदभर, आपण फक्त रंग वहीत लिहायचा. असं बराच वेळ चाललं, पोरं कंटाळली, मग मध्येच पिवळ्यानंतर लाल आला. वर्गातल्या बऱ्याच जणांनी हिरवा लिहिला होता. आणि सगळ्यांचे डोळे तपासलेले! परत मागं जाऊन फोटो दाखवला तर ढळढळीत लाल. कोणी म्हणालं सर फोटो बदलला. सर काहीच बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "बाळांनो, इंजिनात फोटो मागं नेता येत नाही."

मग त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दात लिहिते. डोळा दिवा बघतो पण रंग ठरवतो मेंदू, आणि मेंदूला घाई असते, रोज जे घडतं तेच आजही घडणार असं तो आधीच धरून बसतो. एखाद्या स्टेशनला तुमची गाडी रोज पिवळा घेऊन जाते आणि जवळ गेलं की पुढचा सिग्नल रोज मोकळा म्हणजे हिरवा होतो, महिनोनमहिने. मग एक दिवस पुढं दुसरी गाडी असते आणि तो मोकळा होत नाही. त्या दिवशी चुकणारा माणूस आळशी असेलच असं नाही, दारू प्यायलेला असेलच असं नाही, कधी कधी तर त्या रस्त्यावरचा सगळ्यात अनुभवी माणूस असतो, कारण सवय त्यालाच जास्त झालेली असते. हे मला आधी पटलं नव्हतं, अनुभव म्हणजे सुरक्षितता असंच डोक्यात होतं.

आणि वेळ किती असतो बघा. ताशी ११० नं गाडी म्हणजे सेकंदाला तीस मीटर. वळणामुळं सिग्नल चारशे मीटरवरून दिसला तर हातात तेरा-चौदा सेकंद. भरलेली गाडी त्या वेगात असली तर थांबायला किलोमीटरच्या आसपास अंतर घेते, म्हणजे लाल दिसल्यावर ब्रेक मारून उपयोग नाही, आधीच्या पिवळ्यालाच मारायचा असतो. म्हणून तर डबल येलो, येलो, लाल अशी उतरंड ठेवलीय, होमच्या (स्टेशनात शिरायच्या सिग्नलच्या) एक किलोमीटर अलीकडं डिस्टंट, म्हणजे होमची आगाऊ सूचना देणारा सिग्नल, आणि जिथं दोन डिस्टंट आहेत तिथं पहिला दोन किलोमीटरवर. पिवळ्याकडं "पुढं बघू" म्हणून जो जातो त्याची चूक लालापाशी नाही, तिथंच झालेली असते.

आपल्या पुणे-मिरज लाईनचीच उदाहरणं सर देतात त्यामुळं लगेच डोळ्यासमोर येतं. आदर्की घाटातली वळणं, कृष्णाकाठचं थंडीतलं सकाळचं धुकं, ऊस गेल्यावर शेतात पाचट पेटवतात तो धूर, स्टेशनजवळच्या गावातले पिवळे दिवे. आणि संध्याकाळी ऊन तिरपं झालं की जुन्या बल्बच्या सिग्नलवर ऊन आत शिरून परावर्तित व्हायचं आणि न पेटलेला दिवा पेटल्यासारखा वाटायचा, एलईडी आल्यावर ते बरंच कमी झालं. नवीन माणसाला त्या सेक्शनमध्ये एकटं सोडत नाहीत, आधी रोड लर्निंगच्या, म्हणजे रस्ता ओळखीचा करून घ्यायच्या फेऱ्या करायच्या, त्यात रात्रीचीपण, ते का, हे त्या रविवारी नीट कळलं.

यानंतरचा रविवार फक्त जबाबदारीवर होता आणि त्या दिवशी वर्गात अक्षरशः भांडणं झाली. आमच्यात दोन पार्ट्या. एक म्हणे सिग्नल लाल असताना गेला म्हणजे ड्रायव्हर दोषी, विषय संपला, जेलमध्ये टाका. दुसरी पार्टी म्हणे तो बिचारा काय करणार, रात्र-रात्र ड्युटी करतो, सिस्टीमच खराब. सरांनी दोघांनाही गप्प केलं आणि इंग्लंडच्या तीन केस सांगितल्या.

पहिली नॉर्टन फिट्झवॉरन, ४ नोव्हेंबर १९४०, युद्धाचे दिवस, सगळीकडं ब्लॅकआउट. ड्रायव्हरला वाटत होतं आपण मेन लाईनवर आहोत पण त्याची गाडी बाजूच्या लाईनवर घेतली होती. त्याला जो हिरवा दिसला तो खरंच हिरवा होता, पण शेजारून येणाऱ्या गाडीचा. २७ माणसं गेली. केबिनमध्ये धोक्याची सूचना देणारी यंत्रणा होती, ती त्यानं बहुतेक सवयीनं कॅन्सल केली असावी. बॉम्बहल्ल्यात त्याच्या राहत्या घराचं नुकसान झालेलं होतं, त्या मनःस्थितीत तो गाडी चालवत होता.

दुसरी पर्ली, ४ मार्च १९८९, पाच जण गेले. ड्रायव्हरनं सिग्नल चुकवल्याचं मान्य केलं, त्याला मनुष्यवधाची शिक्षा झाली, जेलमध्ये गेला. आणि २००७ साली अपील कोर्टानं ती शिक्षा रद्द केली. कारण त्या अपघाताच्या आधीच्या पाच वर्षांत तोच सिग्नल अजून चार वेळा ड्रायव्हरांनी लाल असताना ओलांडलेला होता, आणि ही गोष्ट खटल्याच्या वेळी पुढं आलीच नव्हती. म्हणजे सतरा वर्षं एका माणसाच्या नावावर तो गुन्हा.

तिसरी लॅडब्रोक ग्रोव्ह, लंडन, ५ ऑक्टोबर १९९९, ३१ मृत्यू. एसएन १०९ नावाचा सिग्नल, वळणावर, मध्ये पूल आणि ओव्हरहेड वायरचे खांब यायचे, वर सकाळचं ऊन ड्रायव्हरच्या पाठीमागून थेट सिग्नलवर. हाच सिग्नल त्याआधी सहा वर्षांत आठ वेळा लाल असताना ओलांडला गेला होता. आठ वेळा! प्रत्येक वेळी कागद झाला असेल, ड्रायव्हरला बोलावलं असेल, पण सिग्नल तिथंच राहिला. नवव्या वेळी जो ड्रायव्हर होता तो नुकताच पास झालेला, आणि चौकशीत असंच मत आलं की आपल्याला जायला सिग्नल आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं असावं. तो स्वतःही वाचला नाही.

हे ऐकल्यावर दोन्ही पार्ट्या शांत. मला स्वतःला जे वाटतं ते इथं स्पष्ट लिहिते. सिग्नल चुकला तर पहिली जबाबदारी इंजिनात बसलेल्याचीच, यात मी एक इंचही मागं येणार नाही, मागं हजार-दीड हजार माणसं झोपलेली असतात आणि त्यांनी तुमच्या भरवशावर डोळे मिटलेले असतात. पण एकाच जागी वेगवेगळी माणसं परत परत चुकत असतील तर ती जागाच चुकवते आहे, आणि ती दुरुस्त न करणाऱ्याची जबाबदारी ड्रायव्हरपेक्षा कमी नाही, उलट त्याच्या हातात तेरा सेकंद नव्हे, वर्षं होती. आपल्याकडं सिग्नल कुठून किती दिसतो हे बघायला साइटिंग कमिटी असते, त्यात लोको इन्स्पेक्टरपण असतो. सर सांगत होते की तिथं ड्रायव्हरची बाजू मांडणारा तोच, त्यामुळं तुम्ही पुढं कधी लॉबीत गेलात आणि एखादा सिग्नल नीट दिसत नाही असं वाटलं तर रजिस्टरला लिहा, लाजू नका, नवीन आहे म्हणून हसतील असं समजू नका.

आणि बालासोर विसरू नका. २ जून २०२३, बहानगा बाजार. कोरोमंडल एक्सप्रेसच्या लोको पायलटला मेन लाईनचा हिरवाच होता, त्यानं बरोबरच वाचला होता, पण सिग्नलच्या वायरिंगच्या कामातल्या चुकीमुळं रुळाचा काटा लूपकडं (बाजूच्या लाईनकडं) लागलेला आणि तिथं मालगाडी उभी. २९० च्या वर माणसं गेली. अपघात झाला की मोबाईलवर पहिल्या तासात "ड्रायव्हर झोपला होता" लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, चौकशी होऊ द्या.

मग यावर उपाय काय तर सरांनी आमच्याकडून जे करून घेतलं ते. दोघादोघांच्या जोड्या, एक लोको पायलट एक असिस्टंट, समोर फोटो, सिग्नल दिसला की हात करून मोठ्यानं म्हणायचं "डिस्टंट डबल येलो", दुसऱ्यानं स्वतः बघून परत म्हणायचं. स्वतः बघून, हे महत्त्वाचं, पहिल्याचं ऐकून पोपटासारखं नाही. रेल्वेचा हा नियमच आहे, इंजिनात दोघांनी सिग्नल एकमेकांना पुकारायचा. जपानमध्ये तर मेट्रोपासून फॅक्टरीपर्यंत बोट दाखवून मोठ्यानं बोलायची पद्धत आहे, तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं १९९४ साली प्रयोग केला तेव्हा बोट दाखवून बोलल्यावर चुका साधारण सहाव्या हिश्श्यावर आल्या होत्या. सुरुवातीला पोरं लाजत होती, विशेषतः आम्ही मुली, नंतर सवय झाली. हात, तोंड, कान सगळं कामाला लागलं की मेंदूला आधीच ठरवून बसायला जागा कमी मिळते असं मला तरी जाणवलं. आणि दुसरा नियम, सिग्नल विझलेला असला, अर्धवट दिसला, शंका आली, तर तो सगळ्यात कडक अवस्थेत आहे असंच धरायचं. उशीर झाला तर होऊ दे.

कवचबद्दलपण वर्गात विचारलं होतं की ते आल्यावर सिग्नल वाचायची गरजच काय. कवच म्हणजे आपल्याकडं बनलेली यंत्रणा, केबिनमध्ये स्क्रीनवर सिग्नल दाखवते आणि लाल ओलांडायला लागलं तर स्वतः ब्रेक लावते. २०२० ला रेल्वेनं ती देशभरासाठी घेतली, पण सगळ्या मार्गांवर अजून पोचलेली नाही. माझं मत, ती जितक्या लवकर येईल तितकं चांगलं, कारण नुसती सूचना देणारं यंत्र माणूस सवयीनं बंद करतो हे १९४० लाच दिसलंय, ब्रेक लावणारं हवं. पण कवच बसेपर्यंत आणि बसल्यावर ते बंद पडलं तर डोळेच.

आता तक्रारी, चार स्टार का ते. एक, मॉक टेस्टचं सॉफ्टवेअर सारखं हँग होतं आणि दोन-तीन कॉम्प्युटरचे माऊस इतके अडकतात की परसेप्चुअल स्पीडला सराव होण्याऐवजी चिडचिड होते, जिथं सेकंद मोजायचेत तिथं हे चालत नाही. दोन, डेप्थ परसेप्शनचे ठोकळे शिकवणारे सर नवीन आहेत, घाईत पुढं जातात, विचारलं तर सांगतात पण विचारावं लागतं. तीन, सूचना हिंदी-इंग्लिशमध्येच असतात तर वर्गातही त्या तशाच वाचून घ्यायला हव्यात, मराठीत समजावून सोडून देतात आणि मग परीक्षेत पोरं सूचनेतच अडकतात, फॉलोइंग डायरेक्शन्समध्ये तर सूचना हाच पेपर आहे. चार, संध्याकाळची बॅच साडेसातला सुटते, रहिमतपूर, कोरेगावकडच्या मुलींना एसटीसाठी पळावं लागतं, अर्धा तास अलीकडं घेतली तर खूप बरं होईल.

मुलींसाठी अजून एक. घरचे विचारतात इंजिनात मुलगी काय करणार, तर त्यांना सांगा आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट सुरेखा यादव आपल्या साताऱ्याच्याच, २०२३ च्या मार्चमध्ये त्यांनी सोलापूर-मुंबई वंदे भारत चालवली आणि २०२५ ला रिटायर झाल्या. क्लासच्या भिंतीवर त्यांचा फोटो आहे, ते मला आवडलं. आमच्या बॅचला सात-आठ मुली होत्या, बसायला त्रास नाही, मॅडम स्वतः लक्ष देतात, वॉशरूम स्वच्छ असतं.

फी पुण्याच्या मानानं निम्म्याच्या आसपास, दोन हप्त्यात घेतात. जॉईन करायच्या आधी डोळे तपासा, रंगाची तपासणी वेगळी मागून घ्या कारण साध्या नंबरच्या तपासणीत ती करतीलच असं नाही.

क्लासवाल्यांना विनंती एवढीच की रविवारचं सेशन ऐच्छिक ठेवू नका, कंपल्सरी करा, हजेरी घ्या, आणि वेगवेगळ्या सेक्शनचे अजून फोटो-व्हिडीओ सरांना मिळवून द्या, ते स्वतःच्या खर्चानं जमवतात. आणि ते माऊस पुढच्या बॅचच्या आधी बदला.